आधी त्यांचं, मग तुमचं

काझी सरांशी भांडायला दोन तास लागतात. त्यातले पहिले पावणेदोन तास आपण त्यांच्याच बाजूने बोलत असतो.

मी स्वतः हा अनुभव घेतलाय. सर आमच्या डोक्यावर राहतात, म्हणजे मी पहिल्या मजल्यावर आणि ते दुसऱ्या. त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर ठिबकायचं. चौथा पांढरा शर्ट वेरूळच्या दगडासारखा दिसायला लागला तेव्हा मी बाह्या सरसावल्या आणि एका दमात वर गेलो. सरांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला.

"या जाधवराव! भांडायला आलात? बसा, बसा. आधी माझं सांगा, मग तुमचं."

"तुमचं मी काय सांगू? कुंड्या तुमच्या, पाणी तुमचं..."

"तेच तर. मी कुंड्यांना इतकं पाणी का घालत असेन, ते सांगा. पटलं तर मी म्हणेन 'बरोबर'. नाही पटलं तर म्हणेन 'राहिलं'. 'बरोबर' आलं की तुमची पाळी."

मी म्हटलं, झाडं जगावीत म्हणून. सर म्हणाले, "राहिलं." मी म्हटलं, ऊन फार आहे म्हणून. "राहिलं." रिटायर झालात, वेळ जात नाही म्हणून. "हे बोचलं, पण राहिलं." सरांच्या बेगम शाहीनभाभी चहा ठेवून गेल्या, कप घेऊन गेल्या, पुन्हा चहा ठेवून गेल्या. शेवटी मी वैतागून म्हटलं, "कोपऱ्यातला मोगरा तुमच्या मुलीनं, सनानं लावलेला आहे. ती पुण्याला गेली. तो वाळला तर काय, या भीतीनं तुम्ही दिवसातून तीनदा त्याला बुडवता आणि पक्षपात नको म्हणून बाकीच्या कुंड्यांनाही बुडवता."

सरांनी गॅलरीतल्या मोगऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर."

आता माझी पाळी होती. पण मी उठलो आणि खाली आलो. त्या दिवसापासून आमचे शर्ट घरात, पंख्याखाली वाळतात.

सर मूळचे देवगाव रंगारीचे. आयुष्यभर आमच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्त होताना लोक शाल घेऊन घरी जातात, सर शाल घेऊन विस्तार विभागात आले आणि म्हणाले, "नागरिक संवाद मीच चालवणार, फुकट." विस्तार विभाग म्हणजे विद्यापीठाचा तो कोपरा, जिथून विद्यापीठानं गावाशी बोलावं अशी अपेक्षा असते. विद्यापीठाने समाजाशी बोललं पाहिजे असं ज्या दिवशी कुणीतरी ठरवलं, त्या दिवसापासून समाजाच्या खुर्च्या मी मांडतोय. मी त्या विभागात कारकून म्हणून लागलो आणि आता अधीक्षक आहे. फरक एवढाच की पूर्वी खुर्च्या मांडायला मला कुणीतरी सांगायचं, आता मला माहीत असतं.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चार वाजता, चाळीस खुर्च्या, गोल. बॅनर बांधा, माइक तपासा, समोसे सांगा. हल्ली त्यात फोटोची भर पडलीय. अहवालाला अक्षांश-रेखांशासकट फोटो लागतो. संवाद झाला की नाही हे फोटोत दिसत नाही, पण तो नेमका कुठे झाला हे उपग्रहालासुद्धा कळतं. मी थकलोय हो. खरं सांगतो, या शहरात कुणी कुणाचं ऐकलं नाही तरी माझी काही हरकत नव्हती, फक्त शनिवारी मला घरी झोपू द्यायला हवं होतं.

पण सरांना थकवा माहीत नाही. आमचे विभागप्रमुख तरुण आहेत. ते एकदा म्हणाले, "सर, आपण साधं चर्चासत्र घेऊ. चार पाहुणे मंचावर, लोक समोर. दीड तासात आटोपतं."

सर म्हणाले, "म्हणजे विद्यापीठ बोलणार आणि गाव ऐकणार? ते आपण रोज वर्गात करतोच की. आणि वर्गात कुणी ऐकतं का, हे तुम्हाला माहीत आहे."

त्यामुळे नियम तोच राहिला. ज्याला बोलायचंय त्यानं आधीच्या माणसाचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवायचं. आधी त्यांचं, मग तुमचं. सरांच्या हातात लाकडी डस्टर असतं. कुणी नियम मोडला की ते टेबलावर आपटतात. एवढ्या वर्षांत त्या टेबलाला खळगा पडलाय. त्यात आता चहाचा कप व्यवस्थित बसतो.

हा नियम हॉलमध्ये थांबला असता तरी चाललं असतं. पण सर तो शहरभर घेऊन फिरतात. एकदा आम्ही दोघं क्रांती चौकात उभे होतो. एका रिक्षाचा स्कूटरला धक्का लागला. दोघांनी एकमेकांच्या कॉलरला हात घातला आणि सर मध्ये घुसले. "थांबा! आधी त्यांचं!"

रिक्षावाला म्हणाला, "मेरेकू क्या मालूम इसका!"

"मालूम करो ना मियाँ. मैं खड़ा हूँ."

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. ट्रॅफिक हवालदार आला, तर सरांनी त्यालाही हॉर्नवाल्यांची बाजू मांडायला लावली. मागे गाड्यांची रांग लागली ती मोंढ्यापर्यंत, तिथून सिडकोपर्यंत, तिथून चिकलठाण्यापर्यंत. विमानतळावर मुंबईचं विमान वैमानिकाची वाट बघत उभं राहिलं, कारण वैमानिक रांगेत होता. शेवटी रिक्षावाल्यानं स्कूटरवाल्याचं दुःख असं काही सांगितलं, की त्याला सकाळपासून घाई होती, घरी आई आजारी होती, आणि नवीन स्कूटरचा तो चौथाच दिवस होता, की स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आज त्याची मुलगी त्याच रिक्षातून शाळेत जाते. हे शेवटचं अगदी खरं आहे. विमानाचं मी थोडं वाढवून सांगितलं असेल.

आता ज्या माणसानं एका चौकातलं भांडण असं मिटवलं, त्याच्याशी त्याची एकुलती एक मुलगी तीन वर्षं बोलत नव्हती. ही गोष्ट आख्ख्या बिल्डिंगला माहीत होती. फक्त सरांसमोर कुणी काढत नव्हतं.

सना सरांच्याच विषयात पीएच.डी. करत होती. विषयही तोच, विद्यापीठ आणि लोकसंवाद. तिसऱ्या वर्षी तिनं ते सोडलं आणि पुण्यात एका कंपनीच्या तक्रार केंद्रात नोकरी धरली. फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायच्या, दिवसभर. ती सांगायला आली त्या दुपारी मी खाली गॅलरीत होतो. कान मी लावला नव्हता, आवाजच तेवढा होता. त्यांच्या घरात उर्दू चालतं, मी मराठीत सांगतो.

सर म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना ऐकायला शिकवलं आणि माझी मुलगी कानांत बोळे घालून बसणार!"

"अब्बा, ते हेडफोन असतात."

"तेच ते!"

मग सना म्हणाली, "अब्बा, तुमचा नियम. आधी माझं सांगून दाखवा."

मी मनात म्हटलं, आता सर सांगणार. आणि सर म्हणाले, "तुझं मला माहीत आहे. सांगायची गरज नाही."

मी तेव्हा वर जाऊन ते डस्टर त्यांच्याच डोक्यावर आपटायला हवं होतं. नाही गेलो. दुसऱ्या दिवशी सना गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला भाभींना तिचा फोन यायचा. भाभी स्वयंपाकघरात बोलायच्या आणि सर नेमके तेव्हाच फ्रिज उघडून उभे राहायचे. पाण्याची बाटली काढायची, ठेवायची, पुन्हा काढायची. भाभी मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणायच्या, "आमच्या घरात पाणी कुणी पीत नाही, पण फ्रिज अर्धा तास उघडा असतो." सर फ्रिजच्या आतूनच निरोप द्यायचे. "तिला सांग, मोगऱ्याला कळ्या आल्यात." भाभी फोनमध्ये सांगायच्या, "मोगऱ्याला कळ्या आल्यात." पलीकडून काय यायचं ते सरांना ऐकू येत नसे. ते विचारतही नसत.

तर, मागच्या एप्रिलमधला संवाद. विषय भटकी कुत्री. मी विभागप्रमुखांना आधीच म्हटलं होतं की या विषयाला चाळीस खुर्च्या पुरणार नाहीत. नव्वद माणसं आली. समोशांवरून पहिलं भांडण झालं ते सोडाच.

एका बाजूला दाभाडे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला, पहाटे साडेपाचला गाडीला किक मारणारा गडी, पोटरीला पट्टी बांधून आलेला. दुसऱ्या बाजूला सुमनताई, निवृत्त नर्स, रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी अकरा कुत्र्यांना दूधभात घालणाऱ्या. दोघं एकाच गल्लीतले. दाभाडेला चावलं ते त्या अकरांपैकीच एक. सुमनताईंचं म्हणणं होतं की तो राजा नव्हता, मोती होता, आणि मोती उगाच चावत नाही.

दाभाडे उठला. "सर, मला बोलायचंय."

"जरूर. आधी सुमनताईंचं सांगा."

"त्यांचं काय सांगायचं? कुत्र्यायचं लई प्रेम हाय त्यांना. माणसायचं नाय."

"ताई?"

"राहिलं!" सुमनताई कडाडल्या.

"बरं. मुकं जनावर हाय, त्याला भूक लागती, म्हणून घालतेत."

"राहिलं."

"पुण्य लागतं म्हणून?"

"राहिलं! मला नको ते पुण्य."

हॉल हसला. दाभाडे घामाघूम झाला. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेपाच वाजले होते, फोटो काढून झाला होता, माझ्या लेखी संवाद संपला होता. पण सर डस्टर हातात धरून उभे, घाई नाही. "दाभाडे, सावकाश. तुम्ही त्यांच्या शेजारी राहता. संध्याकाळी काय दिसतं तुम्हाला?"

दाभाडेनं पोटरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दिसतं काय... सातला त्या पातेलं घेऊन येतेत. त्यायच्या आधीच कुत्री येऊन बसलेली असतेत, रस्त्याकडं बघत. त्यायचे मिस्टर गेल्यापासून..." तो अडखळला. "त्यायची वाट बघणारं दुसरं कोण नाय. म्हणून त्या येतेत. व्हय ना ताई?"

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. सर हळूच म्हणाले, "ताई, शब्दात."

"बरोबर," सुमनताई म्हणाल्या.

मग त्यांनी दाभाडेचं सांगितलं, आणि पहिल्याच फटक्यात. पहाटे अंधारात निघताना त्याची लहान मुलगी फाटकाशी उभी राहते, कुत्री मागे लागतील या भीतीनं बाबा गाडीवर बसून चौक ओलांडेपर्यंत आत जात नाही, रोज. हे त्या खिडकीतून बघत होत्या, पण कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी ठरलं की दूधभात गल्लीच्या तोंडाशी नाही, मागच्या मोकळ्या जागेत. आणि कुत्र्यांना लस टोचून घ्यायची. पुढच्या रविवारी दाभाडे मोतीचं तोंड धरून बसला होता आणि सुमनताई इंजेक्शन देणाऱ्याला सूचना देत होत्या. मोती दाभाडेला पुन्हा चावला, पण यावेळी दाभाडेनं तक्रार केली नाही.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दाभाडे खुशीत आला आणि साध्या मनानं म्हणाला, "सर, नियम लई भारी हाय. घरीबी चालतो का?"

लोक हसले. सरांचं डस्टर टेबलाच्या अर्ध्या वाटेवर थांबलं. मी पाहिलं, ते त्यांनी आपटलं नाही. खळग्यात हलकेच ठेवलं, एखाद्या झोपलेल्या जिवाला ठेवावं तसं. "आज एवढंच," ते म्हणाले. त्यांनी समारोपाचं भाषण केलं नाही, हे मी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी सरांनी मला वर बोलावलं. कूलर बंद पडला होता. उन्हाळ्यात आमच्या शहरात कूलर बंद पडणं म्हणजे घरातलं माणूस रुसण्यापेक्षा वाईट. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. कूलरच्या पोटात डोकं घातलं, दोन तारा हलवल्या, एक ठिणगी खाल्ली आणि जाहीर केलं की हे आपल्या हातचं काम नाही. सरांनी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. सर फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. समोरच्याचं बोलणं सगळ्यांनी ऐकावं असं त्यांचं तत्त्व आहे. एक दाबा, दोन दाबा, थांबा, संगीत ऐका. अखेर फोनवर एक अनोळखी मुलगी आली. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

सरांनी सुरुवात केली. पंप, गवताच्या ताट्या, मागच्या वर्षीचा मेकॅनिक, त्याचा उद्धट स्वभाव, एकाच बाजूला पडणारं पाणी, गॅरंटीचं कार्ड, कार्डावरची बारीक अक्षरं, ती छापणाऱ्यांची नियत. पाऊण तास बोलले. बरं, दहा मिनिटं. मध्येच एकदा, जाता जाता, ते म्हणाले की बेगमला दुपारी झोप लागत नाही. मग थांबले.

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. "सर, मी तुमचं म्हणणं एकदा परत सांगते. काही राहिलं असेल तर सांगा."

आणि तिनं सगळं सांगितलं. पंप, ताट्या, मेकॅनिक, पाणी, कार्ड. शेवटी म्हणाली, "आणि मॅडमना दुपारी झोप लागत नाही, त्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतोय. बरोबर आहे का सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं.

"बरोबर," सर म्हणाले. मग म्हणाले, "बेटा, तुम्ही दिवसभर हेच करता?"

"हो सर."

"किती लोकांचं?"

"साठ-सत्तर होतात सर."

"मी महिन्यातून एकदा करतो. समोसे ठेवून." मग त्यांनी विचारलं, "लोक 'बरोबर' म्हणतात का?"

"फार कमी सर. जास्त करून ओरडतात." मग घाईनं, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय. आणखी काही मदत करू शकते का?"

"केली," सर म्हणाले. "पुष्कळ केली."

मेकॅनिक सोमवारी नऊ ते सहाच्या दरम्यान केव्हाही येईल, असं ठरलं. फोन बंद झाला. सर बंद कूलरसमोर बसून राहिले, जणू त्याच्यातून अजून वारा येतोय. मी स्क्रू लावायला घेतले. एकच स्क्रू मी चार वेळा लावला, कारण उठून जावं की थांबावं ते कळेना.

पाच वाजले. स्वयंपाकघरात भाभींचा फोन वाजला. सर उठले. मी म्हटलं, निघाले फ्रिजकडे. पण फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. सरांनी हात पुढे केला. "ज़रा मुझे देना."

भाभींनी फोन त्यांच्या हातात दिला तो असा, जणू काचेचं भांडं देतायत. सरांनी सवयीनं स्पीकर दाबला.

"सना, मी आहे. तू काही बोलू नकोस. आधी तुझं सांगतो."



"तुझं म्हणणं असं होतं," सर म्हणाले, आणि त्यांचा तो नव्वद माणसांना पुरणारा आवाज एकाएकी एकाच माणसापुरता झाला, "की तुला अभ्यास नको होता असं नाही. तुला तुझ्या बापाचा अभ्यास नको होता. विषय मी दिला. मार्गदर्शक मी निवडला. पुस्तकं माझ्या कपाटातली. तू म्हणाली होतीस, मला लोकांवर लिहायचं नाही, लोकांशी बोलायचंय. मला वाटलं तू माझं काम सोडून चाललीस. तू तेच काम करायला चालली होतीस, माझ्यापेक्षा जास्त. मी फक्त हेडफोन बघितले." त्यांनी श्वास घेतला. "बरोबर, का राहिलं?"

भाभी ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी कूलरच्या मागे होतो. माझं तिथं काय काम होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

फोनमधून सनाचा आवाज आला. "राहिलं, अब्बा."

मला वाटलं सर खचतील. सरांनी पायानं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि म्हणाले, "सांग. मला घाई नाही."

मी चपला हातात घेऊन खाली आलो. मंदानं चहा टाकला. चहा झाला, पेपर वाचून झाला, पंख्याखालचे शर्ट घड्या करून झाले. वरून आवाज येतच होते, कधी सरांचा, कधी फोनमधला, एकदा तर दोन्ही एकदम आणि चढलेले. मध्येच सर काहीतरी पहिल्यापासून सांगायला लागायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून.

मंदानं छताकडे पाहिलं. "भांडण चाललंय का हो वर?"

"हो," मी म्हटलं. "चालू दे. अजून पहिले पावणेदोन तासच चाललेत."